नव्या तोंडाची गाडी

काचेवर पांढरं आलं तेव्हा मला वाटलं पुढच्या ट्रकाची धूळ हाय. पण पुढं ट्रक नव्हता, पुढं नुसता चढ आणि ऊन. मग गाडीच्या नाकातून आवाज आला, झाकण दाबून ठेवलेलं पातेलं उतू जाताना येतो तसा, आणि हे म्हणाले, "गेली."

मी म्हटलं, "कोण गेली?" कारण पोर माझ्या मांडीवर होती आणि मघापासून तिचं रडणं बंद झालं होतं.

"गाडी गो. गाडी तापली."

ह्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला दाबली, हातब्रेक ओढला, तरी ती मागं सरकायला बघत होती, कशेडीचा तो चढच तसा हाय. "उतर, मागच्या चाकाला दगड लाव, मला ब्रेकवरनं पाय काढता येत नाय." एका हातात पोर असताना दगड कसा उचलायचा. मी पायानं ढकलत नेला, चपलेचा अंगठा तुटला, तसाच चाकाखाली सारला आणि ओरडले, "लावला." मग हे उतरले, पुढचं झाकण उघडलं आणि वाफेतनं मागं सरले. सकाळी लग्नाला घातलेला पांढरा सदरा, त्याच्यावर काळे ओघळ.

पोरीचं डोकं माझ्या हातावरनं खाली लोंबत होतं. मी वर धरायची, ती परत सोडायची. वर्षाची व्हायची होती अजून. डोळे आत गेलेले. ओठ दोन चिंध्यांसारखे.

"पाणी लागेल," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाय त्यांनी. माझ्या काखेतल्या पिशवीकडं बघितलं.

पिशवीत पाणी होतं. एक बाटली, औषधाची, मोठी. नर्सबाईनं उकळून दिलेलं साखरमिठाचं पाणी. पोरीचं.

आता मी हे नीट सांगते, नायतर तुम्हाला कळायचं नाय. शाळा माझी सातवीत सुटली, लिहिताना मागचं पुढं होतं आणि पुढचं मागं. पण हे मला कुणाला तरी सांगायचंच हाय.

गाडी आमची नव्हती. आमची कुठली असणार. आम्ही पोलादपूरचे, बौद्धवाडीतले. हे मुंबईला गॅरेजमध्ये काम शिकले, आणि मग आमच्याच बाजूच्या एका शेटनं, ज्याचा मुंबईत धंदा हाय, त्यांना परत गावी आणलं. शेटला गाड्यांचं वेड. त्यानं परदेशी बनावटीच्या दोन गाड्या घेतल्या, दोन्ही एकाच जातीच्या, बुटक्या, दोन दारांच्या, पळायच्या गाड्या. शर्यतीच्या असतात तशा. मुंबईत ठेवायला जागा नाय म्हणून हायवेच्या कडेला शेड बांधून तिथं ठेवल्या आणि किल्ल्या ह्यांच्या हातात दिल्या. शेट महिन्यातनं एकदा यायचा, महाडपर्यंत गाडी पळवायचा, परत यायचा. बाकीचे दिवस गाड्या ह्यांच्या.

एक जुनी, एक नवी. जुनीला गोल दिवे आणि पुढं ही एवढी रुंद चकचकीत जाळी, बेडूक हसल्यासारखी. नवी मागनं आली. ती मागनं बघितली तर डिट्टो जुनीच, पण पुढनं वेगळी. दिवे चौकोनी, आत बसवलेले, बंपर काळ्या रबराचा, जाळी काळी, बारीक. शेट म्हणाला होता, "आत सगळं तेच हाय. कंपनीनं नुसतं तोंड बदललंय." हे वाक्य ह्यांनी मला घरी येऊन सांगितलं होतं, म्हणून मला आठवतं.

आणि जुनी रोज काय ना काय मागायची. आज प्लग, उद्या पट्टा, परवा क्लच. ह्यांचे हात कायम तिच्या पोटात. नवी कधी बिघडलीच नाय. तिला पुसायची, फिरवून आणायची, बस. तिच्या आत बघायची वेळच आली नाय कधी.

मग माझ्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी घाटाच्या पलीकडची, खेडच्या हद्दीतली, घाट उतरला की गाव. शेटनं पोस्टात ट्रंककॉल केला आणि सांगितलं, "दोन्ही गाड्या ने लग्नाला. माझी भेट समज. पण लग्न झालं की एक गाडी विकणार. कुठली ठेवू ते तू सांग. जी ठेवीन तिच्यावर तू लग्नाची भाडी मारत जा."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं बोलणं नाय. जुनी का नवी, जुनी का नवी. दीर म्हणायचा, "दादा, नवी ठेव. नवरदेवाला कुणी जुन्या तोंडाच्या गाडीत बसवत नाय."

हे म्हणायचे, "जुनीचं अंग न् अंग मला माहीत हाय."

"म्हणूनच ती रोज आजारी पडते, तू लाड करतोस."

सासूनं भाकरी थापता थापता विचारलं, "मागं बसायला जागा कुठलीत हाय?"

"दोन्हीत नाय," दीर म्हणाला. "दोन माणसं पुढं, मागं फळी. पिशवी बसते."

"मग कसल्या गाड्या त्या," सासू म्हणाली, आणि तिचं मत तिथं संपलं.

मला कुणी विचारलं नाय. विचारलं असतं तर मी नवी म्हटलं असतं. खरंच सांगते. मला ती आवडायची. तिच्यात एक बटण होतं, दाबलं की गार हवा यायची. शेटच्या परवानगीनं ह्यांनी एकदा मला बसवलं होतं, मी गरोदर होते, उन्हाळाच होता, आत शिरले आणि माठातलं पाणी पाठीवर सोडल्यासारखं झालं. मी रडले होते त्या गारव्याला. हे हसले होते.

तर वऱ्हाड टेंपोतनं गेलं, सासू त्यात. नवरदेव नवीत, हे चालवायला. सासूचे भाऊ, आमचे मामा, त्यांचा जन्म ट्रकवर गेला, ते जुनी घेऊन, शेजारी मी पोरीला घेऊन आणि फळीवर नवरीच्या साड्या. मामा घाट चढताना म्हणाले, "सूनबाय, ह्या गाडीत बसायचं म्हंजे घमेल्यात बसल्यागत हाय. खडी सुदीक वरनं दिसते."

जाताना काय झालं नाय. नवीला ह्यांनी थोडी फुलं बांधली होती, तीही खाली, बंपरच्या खाली. ही ह्यांची पद्धत. जुनी पाच-सात लग्नांना नेली होती त्यांनी, तेव्हा शिकले होते. जाळीवर फुलं नाय बांधायची. गाडी तिथनं वारा घेते, तिथं झाकलं की तापते. फुलं खाली. लोकांना सांगून सांगून त्यांचं तोंड दुखायचं.

आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो. हळद झाली, नाच झाला. सकाळी पोरीला जुलाब सुरू झाले. मला वाटलं दात येतायत. माझ्या आईनं, सासूनं, सगळ्यांनी तेच सांगितलेलं, दात येताना होतं. बौद्धाचार्य यायला उशीर झाला, लग्न उन्हात गेलं, विहाराच्या अंगणात मांडव होता पण वारा नव्हता. त्रिसरण चालू असताना ती माझ्या मांडीवर ओकली. मग परत. मग नुसतं पाणी. पंचशील म्हणताना माझे ओठ हलत होते आणि मी तिची टाळू बघत होते. टाळू खड्ड्यासारखी आत गेली होती.

नवरीकडच्या एका बाईनं नर्सबाईला बोलावलं. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. नर्सबाईनं आधी चूल मागितली, पाणी उकळलं, साखर मीठ घातलं, गार करून बाटली भरली.

"हे झाकणानं देत राहायचं," ती म्हणाली. "थोडं थोडं, थांबायचं नाय. पण ह्याच्यावर भागायचं नाय. सलाईन लागेल. महाडला लहान पोरांचा डॉक्टर हाय माझ्या ओळखीचा, तिथं न्या. आत्ता. उन्हात धरू नका, गार ठेवा तिला."

मी मांडवातनं ह्यांना ओढून आणलं. दोन्ही गाड्या आंब्याखाली उभ्या. जुनीत मामा पाय दाराबाहेर काढून झोपलेले. नवी सजलेली. आणि काय सजवली होती. नवरीच्या आईनं आणि तिच्या बायकांनी रात्री बसून हार केला होता, झेंडूचा, मांडीएवढा जाड, मधे आंब्याची पानं, मागं लाल कापड शिवलेलं म्हंजे तुटायला नको. तो त्यांनी बांधला तेव्हा हे तिथंच उभे होते आणि सांगत होते, "वर नको मावशी, जाळी मोकळी ठेवा. खाली बांधा. अजून खाली. हां." मी ऐकलं होतं.

"जुनी घेऊ," हे म्हणाले. "मामांना उठवतो."

मी जुनीच्या सीटवर हात ठेवला. तव्यासारखी. येताना तिच्या इंजिनाची धग माझ्या पायाला लागली होती, पोटऱ्या लाल झाल्या होत्या. मी म्हटलं, "गार ठेवा म्हणाली ती. नवी घ्या. तिच्यात गार हाय."

"नवी नवरानवरीची हाय गो. आणि मला जुनी..."

"नवी घ्या," मी म्हटलं. मी त्यांना कधी असं बोलले नव्हते.

दीर मागनं आला, गळ्यात हार, कपाळावर घाम. त्यानं ऐकलं होतं. "दादा, ने. आम्ही जुनीतनं येतो. वहिनी, तुम्ही बसा." त्यानं जुन्या गाडीला एवढी नावं ठेवली होती आणि आता तिच्यातच बसायला तयार झाला.

हे हाराची गाठ सोडायला वाकले. नवरीची आई पुढं आली. नुसतं हाराकडं बघितलं. आणि सासू म्हणाली, "हार सोडू नको रे. नवरीचा हार दारात गेल्यावरच उतरवायचा. मधे रस्त्यात सोडला तर संसार रस्त्यात सुटतो."

"आये, आपण असलं मानत नाय," हे म्हणाले.

"मी मानत नाय. तिची आई मानते. तिचं मन मोडू नको."

कुणाला वेळ होता भांडायला. तो तसाच राहिला. पाठवणी व्हायची होती म्हणून मामा, दीर, नवरी मागं राहिले. आम्ही निघालो.

गार हवा सुरू झाली आणि पोरीनं डोळे उघडले. मला बरं वाटलं. झाकणानं पाणी दिलं, तिनं गिळलं. मी मनात म्हटलं, बरोबर केलं. घाट लागला. हे सारखे समोरच्या गरमीच्या काट्याकडं बघायला लागले. एक वळण, दोन वळणं. मग त्यांनी हात लांब करून गार हवा बंद केली.

"बंद का केली?"

"काटा वर चाललाय. तिच्यामुळं इंजिनावर जोर येतो. वर गेल्यावर चालू करतो."

आत लगेच भट्टी झाली. मी काच खाली घेतली, वारा गरम. पोर किरकिरली, मग गप्प झाली. मी म्हटलं, "लावा ना हवा." ते म्हणाले, "नाय लावता येत." मी म्हटलं, "मग मी कशाला ही गाडी म्हटली." त्यांनी गियर खाली टाकला. आणि मग काच पांढरी झाली.

तर आम्ही त्या वळणावर होतो. चाकाखाली दगड, झाकण उघडं, पोर माझ्या हातात. डोंगराची सावली रस्त्याच्या काठाला वीतभर, मी तिच्यात पोरीचं डोकं धरून उभी. उन्हाळ्यात त्या घाटात झरा शोधायचा तर खाली दरीत जावं लागतं. एक ट्रक आला, खालनं, भरलेला, कण्हत. मी पोर वर धरून दाखवली. ड्रायव्हरनं हात जोडले. थांबला असता तर चढावर ट्रक परत उचलला नसता, हे मामांकडनं मला माहीत होतं, तरी मी त्याच्या मागं धावले. तो खिडकीतनं ओरडला, "मागनं रिकामा कुणी येईल." कुणी आला नाय.

हे गाडीपुढं गुडघ्यावर बसले होते. "कळतच नाय," म्हणत होते. "पाणी भरलं होतं. पट्टा बरोबर हाय. जाळी मोकळी हाय." मग त्यांनी त्या काळ्या जाळीत बोट घातलं. बोट आत जाईना. दुसरीकडं घातलं. तिथंही जाईना. ते उठले, वरनं झाकणातनं हात आत घातला, चाचपला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं चटका बसला.

"मागं पत्रा हाय," ते म्हणाले. "ही जाळी खोटी हाय गो. नुसती दाखवायची. वारा घ्यायचं तोंड खाली हाय. बंपरच्या खाली."

खाली हार होता. मांडीएवढा, कापडासकट, वाऱ्यानं आत ओढलेला, चिकटून बसलेला. झेंडू शिजला होता. तो वास मला अजून येतो, भाजी करपल्यासारखा.

मी पोर त्यांच्या हातात दिली आणि खाली बसले. गाठी बायकांनी मारलेल्या, सुतळीच्या, ओल्या करून. सुटेनात. मी दातानं तोडल्या. एक तुटली, दुसरी तुटली, हार ओढून रस्त्याच्या कडेला टाकला. नवरीच्या आईचं तोंड डोळ्यासमोर आलं, तिनं रात्र घालवली होती त्याच्यावर. आलं आणि गेलं.

"आता चालेल?" मी विचारलं.

"पाणी उडून गेलंय. पाण्याशिवाय चालू केली तर इंजिन धरेल, जाम होईल. मग इथंच."

त्यांनी टॉवेल गुंडाळून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं टोपण थोडं थोडं सोडलं, वाफ जाऊ दिली. थांबावं लागतं म्हणाले, लगेच पाणी घातलं तर इंजिन तडकतं. आम्ही थांबलो. आणि मी पोरीला पाणी देत होते. झाकण भरायचं, ओठाला लावायचं, अर्धं गळ्याकडं, अर्धं हनुवटीवर. परत झाकण. हे बाटलीकडं बघत होते. प्रत्येक झाकणाला बाटली खाली जायची ते बघत होते. मग म्हणाले, हळूच म्हणाले, "सगळं देऊ नको."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मागनं मामा येतील," मी म्हटलं. "जुनी येईल. आपण तिच्यात बसू."

"कधी येतील? पाठवणी म्हंजे सगळ्या बायकांच्या गळ्यात पडून होते. मामा तर जेवल्याशिवाय निघायचे नायत."

"पण येतील ना."

"येतील. वर पोचलो तर पुढं उतार हाय, पोलादपूर हाय, पाणी हाय. वर जायचं हाय फक्त. ही बाटली पुरेल का नाय तेही मला माहीत नाय. मी खोटं सांगणार नाय तुला." त्यांनी हातातला टॉवेल पिळला. "तूच सांग. गाडी तू सांगितलीस, हेही तूच सांग."

ते रागानं नाय म्हणाले. आता मला कळतं. त्यांना स्वतःला सांगवत नव्हतं. पण तेव्हा मला असं वाटलं की कुणी छातीवर लाथ मारली.

पोरीनं झाकण चाटलं. तिला अजून पाहिजे होतं. तिची जीभ बाहेर येत होती, लहान, कोरडी, चिमणीच्या पिल्लासारखी, आणि मी बाटलीचं बूच लावलं. तिच्या तोंडासमोर लावलं. बाटली ह्यांना दिली.

ते हळूहळू टाकीत ओतत होते, गाडी बारीक चालू ठेवून. साखर होती त्यात, ती जळल्याचा वास आला. तळाला दोन झाकणं राहतील एवढं पाणी ठेवलं आणि बाटली मला परत केली. एक थेंब बाहेर सांडला नाय.

"बस. आणि आता ऐक. मी गरम हवा चालू करणार. थंडीत लावतात ती. इंजिनाची गरमी त्यातनं बाहेर येते, इंजिनाला तेवढाच आधार. आत लय तापेल. पोरीला खिडकीबाहेर धर."

ज्या गाडीत गार हवा हाय म्हणून मी ती मागितली, तिच्यात मी बसले आणि पायावर, पोटावर निखाऱ्यासारखी हवा यायला लागली. मी दोन्ही हातांनी पोरीला खिडकीतनं बाहेर धरली, कंबरेपर्यंत, पदर ओला नव्हता म्हणून तोच कोरडा तिच्या डोक्यावर. बुटकी गाडी, रस्ता एवढा जवळ, हात पुरला असता. हे गाडीशी बोलत होते, "चल बाय, चल बाय," जुनीशी बोलायचे तसं. काट्याकडं मी बघितलं नाय. मी पोरीच्या पोटाकडं बघत होते, वर खाली होतंय का.

मग चढ संपला. वारा बदलला. हे हसले का रडले मला कळलं नाय, आवाज सारखाच होता.

पोलादपुरात हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं पाण्याची बादली आणली, पण ह्यांनी झाकण उघडलं आणि मान हलवली. इंजिनातनं ठोके येत होते. ही महाडला पोचायची नाय, म्हणाले. दोन झाकणं मी पोरीला कधीच दिली होती. हॉटेलवाल्याकडं साखर मीठ मागितलं, माझ्या हातानं किती घातलं कुणास ठाऊक. आणि तेवढ्यात मागनं हॉर्न वाजला, बेडकाचं तोंड दिसलं. मामा. शेजारी दीर आणि नवरी एकाच सीटवर दाटून, तिच्या मांडीवर तिची पेटी.

नवरी उतरली. कुणी सांगितलं नाय तिला. पेटी घेऊन हायवेवर उभी राहिली, पांढरी साडी, नवी चप्पल, आणि म्हणाली, "ताई, बसा." दीर तिच्यामागं उतरला. हे नवीपाशीच थांबले. मामा म्हणाले, "सूनबाय, घट्ट धर, आता घमेलं उडणार हाय."

महाडपर्यंत जुनी एकदा खोकली नाय. रोज रडणारी गाडी. माझ्या पायाला धग लागत होती आणि मी त्या धगीला हात जोडत होते.

डॉक्टरनं पोरीच्या पायात शीर शोधली, हातात सापडली नाय. म्हणाला, "उशीर केलात." मग सलाईन चढायला लागलं. मामा दाराबाहेर उकिडवे बसून राहिले, विडी हातात, पेटवली नाय. संध्याकाळी पोरीला लघवी झाली. माझ्या साडीवर झाली आणि मी ती साडी बदलली नाय, तशीच बसले, कुणाला दाखवू आणि कुणाला नको असं झालं होतं मला.

ती हाय. चालते आता भिंत धरून. भांडी खाली ओढते.

घरात सासू अजून हाराचं काढते. दिराचं आणि नव्या जावेचं जरा वाजलं की, "हार रस्त्यात सुटला ना, मग," एवढं म्हणते आणि थांबते. मागच्या आठवड्यात जाऊच म्हणाली, "आये, हार माझ्या आयशीनं केला होता. मी काय बोलले का?" तेव्हापासून जरा कमी झालंय.

नवी गाडी ह्यांनी खोलून नीट केली. आता तिचंही अंग न् अंग माहीत झालंय त्यांना. तिच्या खाली, खऱ्या तोंडापाशी, त्यांनी रंगानं बाण काढलाय. शेटला सगळं सांगितलं. शेट म्हणाला, "पोर वाचली ना, मग बस." आणि परत तेच विचारलं, कुठली ठेवू. रविवारी येतोय तो. दीर अजून नवीच म्हणतो, लोक तीच मागतात म्हणतो. हे दोन्ही बाजूनं बोलतात, आणि मग माझ्याकडं बघतात.

मी जुनी सांगणार हाय. मामा म्हणतात, "बघ हां, तुझ्या नवऱ्याचं पोट हाय त्याच्यावर." असू दे. तिचं तोंड जिथं दिसतं तिथंच हाय.

ते सांगणं मला जड नाय. मला जड जातं ते दुसरंच. पोर झोपेत कधी जीभ बाहेर काढते, आणि मी उठून तिला पाणी पाजते, ती झोपेत तोंड फिरवते तरी पाजते. हे बघतात आणि कूस बदलतात. त्या बाटलीबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो नाय अजून. सासूला माहीत नाय, मामांना माहीत नाय. आम्ही वाट बघितली असती तर मामा आले असते, ते आलेच की मागनं. त्या वळणावर ते केव्हा पोचले असते ते मी हजारदा मनात मोजलंय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. एकदा वाटतं पाणी पोरीला पाजत बसले असते तर ती डॉक्टरकडं हसत गेली असती. एकदा वाटतं तिथंच, त्या वीतभर सावलीत...

तुमच्यातल्या कुणाच्या मांडीवर पोर असेल तर मला सांगा. गाडी बंद, मागचा रस्ता रिकामा, पोर झाकण चाटतेय आणि बाटली तुमच्या हातात. तुम्ही काय केलं असतं?